उतरवून काढलेले सत्य

दुसऱ्या वर्षाच्या डिजिटल लॉजिकच्या प्रॅक्टिकलला एका मुलीने मला हाक मारली. ती हाफ अ‍ॅडर जोडत होती. दोन बिट्सची बेरीज करणारे साधेच सर्किट. बेरजेसाठी 7486 ची चिप, हातच्यासाठी 7408 ची. "सर, शून्य अधिक एक केलं तरी हातच्याचा एलईडी लागतोय," ती म्हणाली. तास संपायला दहा मिनिटे होती आणि बरीच जर्नल सहीवाचून पडली होती. मी म्हणालो, "पुस्तकात शून्य आहे ना? मग शून्य लिही." तिने शून्य लिहिले. मी सही केली.

तो दिवा का लागला हे मला ठाऊक होते. 7408 च्या एका पिनची वायर ब्रेडबोर्डमध्ये नीट बसली नव्हती, आणि टीटीएल चिपचा इनपुट मोकळा राहिला की चिप त्याला सहसा 'एक' समजते. म्हणजे दिवा खरे बोलत होता. खोटे लिहिले ते आम्ही दोघांनी. पाच मिनिटे थांबलो असतो तर मोकळा इनपुट म्हणजे शून्य नव्हे, हा धडा त्या मुलीला जन्मभर पुरला असता. त्याऐवजी तिला दुसराच धडा मिळाला: डोळ्यांनी दिसते ते सोडून द्यावे, ग्रंथात छापले आहे ते लिहावे.

ज्या सारणीत ते शून्य लिहिले, तिला आपण नाव काय दिले आहे? सत्यता सारणी!

हा रोग जुना आहे. 1848 साली लोकहितवादी 'प्रभाकर'मध्ये शतपत्रे लिहू लागले, तेव्हा अर्थ न कळता पाठांतर करणाऱ्या विद्वत्तेचा त्यांनी खरपूस समाचार घेतला. पुढे आगरकरांनी शब्दप्रामाण्याशी उभा दावा मांडला. आज आपण त्यांच्या जयंत्या करतो आणि आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत तेच शब्दप्रामाण्य सेमिस्टर पद्धतीने चालवतो. पूर्वी संहिता पाठ असे, आता कार्नो मॅप पाठ असतो. चौकोनातल्या एकांना चारचारचे गट पाडावेत, उत्तराखाली दोन रेघा माराव्यात, मार्क घ्यावेत. मॉरिस कार्नो यांनी 1953 साली हा नकाशा मांडला तो सर्किटातली गेट कमी करण्यासाठी, हे किती मुलांना सांगितले जाते? गेट कमी म्हणजे खर्च कमी, वीज कमी, बिघाड कमी. कारण काढून टाकले की उरतो तो विधी, आणि विधी करायला आपल्याइतका तरबेज समाज दुसरा नसेल.

लोकहितवादींच्या पहिल्या पत्राच्या आदल्याच वर्षी, 1847 मध्ये, इंग्लंडात जॉर्ज बूल यांनी तर्काला बीजगणिताचे रूप देणारे छोटे पुस्तक काढले. बूल हे जोडे शिवणाऱ्याचे चिरंजीव. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून ते कधी चढले नाहीत. जे शिकले ते बहुतेक स्वतःच्या बळावर. 1937 साली एकवीस वर्षांच्या क्लॉड शॅनन यांनी आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की रिले आणि स्विचेस यांच्या जोडण्या बूल यांच्या बीजगणिताने मांडता येतात, सोडवता येतात. आजचा प्रत्येक संगणक या जोडणीवर उभा आहे. एका टोकाला विचार, दुसऱ्या टोकाला तार. आपण काय केले? तार तोडली आणि विचाराचे सूत्र पाठ केले.

तार का तोडली, याचे उत्तर प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मिळेल. तिथे स्टुलावर 'मामा', म्हणजे प्रयोगशाळेचे मदतनीस, बसलेले असतात. कुठल्या ट्रेनर किटचे कोणते सॉकेट ढिले आहे, कोणत्या डब्यातल्या चिप जळक्या आहेत, हे सगळ्या विभागात त्यांनाच ठाऊक. सर्किट चालेनासे झाले की मुलेही मामांना हाक मारतात आणि मास्तरही. मामा येतात, वायर दाबतात, दिवा लागतो. पण मामांचे ज्ञान हे ज्ञान नव्हे, कारण ते हातात आहे! हाताने करणारा खालचा आणि तोंडाने सांगणारा वरचा, ही उतरंड आपण गावातून उचलली आणि प्रयोगशाळेत आणून मांडली. सोल्डरिंग गन हाती धरायला लाजणारा इंजिनिअर आकाशातून पडत नाही. तो आपल्याच घरात वाढतो.

1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडले. त्यामुळे खेड्यापाड्यांतली मुले इंजिनिअर झाली, हे नाकारणारा कृतघ्न ठरेल. पण त्याच दारातून शिक्षणसम्राटही आत आले. त्यांनी प्रवेशद्वाराला कमान बांधली आणि प्रयोगशाळेत तासिका तत्त्वावर कालच पास झालेला मुलगा उभा केला. बाहेरून येणारा परीक्षक तोंडी परीक्षेत फ्लिप-फ्लॉपची व्याख्या विचारतो आणि जेवणाची वेळ गाठतो. कंपन्या मुलांना घाऊक उचलतात आणि कॉलेजने काय शिकवले ते बाजूला ठेवून नव्याने शिकवतात. मुलगा "सर, आयएमपी द्या" म्हणतो. बाप पॅकेज विचारतो. प्रोसेसर सूचना कशी उचलतो, कशी उलगडतो, हे तुला कळले का, असे विचारणारा बाप मला अजून भेटायचा आहे. या साखळीत निर्दोष कडी एकही नाही आणि त्यात माझी सहीही आहे.

पैसा नाही, ही सबब सांगू नका. 7400 च्या चिपमध्ये चार नॅंड गेट असतात, तिची किंमत एखाद-दोन वडापावांची, आणि नुसत्या नॅंडमधून कुठलेही तर्क-सर्किट बांधता येते. संगणकावर सर्किट जोडून पाहण्याचे लॉजिसिम हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. बर्कलीत 2010 साली सुरू झालेला रिस्क-फाइव्हचा सूचनासंच सर्वांना खुला आहे. त्याच्या आधारे आयआयटी मद्रासने 'शक्ती' प्रोसेसर घडवला. बुद्धी नाही असेही म्हणू नका. आपल्याच मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली टिफ्रॅक हा संगणक उभा राहिला. अमेरिकेने महासंगणक नाकारला, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकने 1991 साली 'परम 8000' करून दाखवला. 2021 च्या डिसेंबरात केंद्र सरकारने सेमीकंडक्टरसाठी 76,000 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पैशाने कारखान्याची इमारत उभी राहील. सारणीत काय दिसते ते खरे लिहिणारा माणूस कोणत्या निविदेतून आणणार?

सारणीतले खोटे किती महाग पडते, हेही पाहा. 1994 साली अमेरिकेत थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक मूळ संख्यांवर काम करीत होते. पेंटियमवर केलेला भागाकार दूरच्या दशांश स्थळी चुकतो, असे त्यांना दिसले. प्रोसेसर जगातल्या नामांकित इंटेलचा; गप्प बसणे सोपे होते. त्यांनी पुन्हा पुन्हा तपासले आणि इतरांना कळवले. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या सारणीतल्या काही नोंदीच राहून गेल्या होत्या. इंटेलला ताळेबंदात 47.5 कोटी डॉलरचा फटका दाखवावा लागला. नाइसली यांच्या जागी आमचा विद्यार्थी असता, तर त्याने पुस्तकातले उत्तर उतरवून घेतले असते, आणि मी त्यावर सही केली असती.

म्हणून माझे मागणे फार नाही. जर्नलमधल्या प्रत्येक सारणीला आणखी एक रकाना असावा: 'प्रत्यक्ष काय दिसले'. तो पुस्तकाशी जुळला नाही तर मार्क कापू नयेत. का जुळला नाही हे शोधणाऱ्याला ते जास्त द्यावेत. मामांना स्टुलावरून उठवून फळ्यापाशी आणावे. आणि घरी मुलाने पंखा, मिक्सर, जुना रेडिओ उघडला तर "हे आपलं काम नव्हे" असे म्हणू नये.

त्या मुलीच्या जर्नलमध्ये ते शून्य अजून असेल, खाली माझी सही असेल. तिचे निरीक्षण बरोबर होते. तपासायला हवी होती ती वायर, आणि खोडायला हवे होते ते माझे वाक्य.