पहिल्याच फेरीत हरलात तर?

व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर येतं. वर चार-पाच नेत्यांचे फोटो, मध्ये सोनेरी चषक, त्याखाली ठळक अक्षरांत पहिलं बक्षीस आणि अगदी तळाला, झूम केल्याशिवाय दिसू नये अशा टाइपात, प्रवेश फी. पावसाळा सरला की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत अशा पोस्टरांचा मोसम सुरू होतो. टीमच्या ग्रुपवर धडाधड अंगठे पडतात. ‘खेळायचंच’, ‘यंदा कप आपलाच’. गप्प असतो तो फक्त एकजण, ज्याच्याकडे टीमचा हिशेब असतो तो. आजचं हे लिहिणं त्याच्यासाठी आहे. तुमच्या टीममध्ये ते काम एखादी मुलगी करत असेल, तर तिच्यासाठी.

प्रश्न साधा आहे. छोट्या फुटबॉल क्लबला कप स्पर्धा परवडतात का?

एक हिशेब मांडून बघू. आकडे समजुतीपुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा, सोळा टीमची बाद पद्धतीची स्पर्धा आहे आणि प्रवेश फी पाच हजार. जमले ८० हजार. पहिलं बक्षीस ४० हजार, दुसरं २० हजार. उरलेले २० हजार मैदान, पंच, मंडप आणि लाउडस्पीकर यांत गेले. म्हणजे बक्षिसापायी आयोजकाच्या खिशातून एक रुपयाही गेला नाही. चौदा टीमनी वर्गणी काढून दोन टीमना बक्षीस दिलं, एवढंच झालं. सगळ्या टीम तोडीस तोड असतील तर तुमच्या वाट्याला सरासरीने येतात ६० हजार भागिले सोळा, म्हणजे ३,७५० रुपये. भरलेत ५,०००. आणि अजून घरातून कुणी निघालेलंही नाही!

निघाल्यावरचा खर्च तर वेगळाच. सामना वांद्र्याला असेल तर डोंबिवलीहून दादर, तिथे पूल ओलांडून वेस्टर्नची गाडी, असा अठरा जणांचा प्रवास. पाणी, केळी, वडापाव, स्प्रे, क्रेप बँडेज. कुणाची अर्ध्या दिवसाची रजा, कुणाचं बुडालेलं प्रॅक्टिकल. हे सगळं आपण खर्चात धरतच नाही, कारण प्रत्येकजण आपापल्या खिशातून देतो. आणि गुडघ्याचं लिगामेंट गेलं तर? बहुतेक छोट्या टीमकडे विमा नसतो. मग ग्रुपवर पोस्टरऐवजी मदतीचं आवाहन आणि क्यूआर कोड येतो.

यावर कुणीतरी इंग्लंडचं उदाहरण देतंच. एफए कपमध्ये छोटे क्लब कसे मालामाल होतात, वगैरे. होतात, हे खरं आहे. पण कसे होतात, ते नीट बघायला हवं.

२००५ च्या जानेवारीत एक्सेटर सिटी हा कर्जात बुडालेला, व्यावसायिक लीगच्याही खाली घसरलेला क्लब ओल्ड ट्रॅफर्डवर गेला आणि मँचेस्टर युनायटेडला ०-० रोखून आला. फेरसामना एक्सेटरच्या घरी झाला. रोनाल्डो आणि रूनीने गोल केले, एक्सेटर ०-२ हरलं. पण या दोन सामन्यांनी त्यांना पाच लाख पौंडांहून जास्त मिळवून दिले आणि क्लब वाचला. लक्षात घ्या, त्यांनी कप जिंकला नव्हता. त्या दोन सामन्यांत एक गोलही केला नव्हता. पैसा आला तो तिकिटांतून आणि टीव्हीतून. एफए कपमध्ये गेटवर जमलेल्या पैशांत पाहुण्या संघाचाही वाटा असतो, म्हणून ओल्ड ट्रॅफर्डला जाणं म्हणजे छोट्या क्लबची दिवाळी. करोनाच्या काळात, २०२१ मध्ये, आठव्या पायरीवरचा मरीन हा क्लब टॉटनहॅमशी खेळला, तेव्हा स्टेडियम रिकामं ठेवावं लागलं. क्लबने दहा पौंडांची नुसती नावापुरती तिकिटं ऑनलाइन विकायला काढली आणि तीस हजारांहून जास्त खपली. सामना ०-५ हरले, पण वर्षभराची चिंता मिटली.

तिथे हरण्याचीही किंमत मिळते. २०२२-२३ च्या मोसमात अगदी सुरुवातीच्या पात्रता फेरीत हरलेल्या संघालाही ३७५ पौंड मिळाले. रक्कम मोठी नाही, पण बसचं भाडं निघतं. म्हणूनच २०२४-२५ पासून मुख्य फेऱ्यांमधले फेरसामने बंद झाले, तेव्हा छोटे क्लब एवढे चिडले. त्यांच्या दृष्टीने एक घरचा सामना म्हणजे एक गल्ला, तोच काढून घेतला.

आपल्याकडे हे कधी नव्हतंच असं नाही. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स कपसाठी मुंबई कूपरेजला जायची. पन्नासच्या दशकात हैदराबाद सिटी पोलिसांनी तो सलग पाच वेळा नेला, त्याच्या आठवणी सांगणारे आजोबा आजही एखाद्या चाळीत भेटतील. ती स्पर्धा २०००-०१ नंतर बंद पडली. कप जिंकून क्लब जगतो असं म्हणाल, तर महिंद्र युनायटेडकडे बघा. २००३ आणि २००५ चा फेडरेशन कप, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग, २००८ चा ड्युरँड. कपाट भरलेलं होतं. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद करायचं ठरवलं, आणि संपला. क्लबचं पोट चषकांवर नव्हतंच, कंपनीवर होतं.

२०२५ च्या ड्युरँड कपची गोष्ट हल्ली फार सांगितली जाते. २४ संघ, एकूण बक्षिसं ३ कोटींची. २०२२ मध्ये स्थापन झालेला डायमंड हार्बर पहिल्याच प्रयत्नात ईस्ट बंगालला हरवून फायनलला गेला. गोष्ट छानच आहे, फक्त हा क्लब एका खासदाराने उभा केलेला आहे. मागे भक्कम पाठबळ असलं की पहिल्या फेरीतला पराभव परवडतो. तुमच्या-माझ्या टीमला परवडत नाही, फरक तिथेच आहे.

आता महाराष्ट्रातच या, कोल्हापूरला. शाहू स्टेडियमवर केएसएची लीग संपली की चषकांचा धडाका सुरू होतो. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस... संघ बहुतेक तालमींचे, पेठांचे. लोक तिकीट काढून येतात, मधल्या सुट्टीत भेळ खातात, पंचांना शिव्या देतात आणि उद्या पुन्हा येतात. फुटबॉल म्हटलं की दुकानदार स्वतःहून पुढे येतो, कारण त्याचं गिऱ्हाईक गॅलरीत बसलेलं असतं. सगळं आलबेल आहे असं नाही. समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी तिथले सामने बिघडलेत, आणि बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडू आणण्याच्या चढाओढीत खर्चही वाढलाय. पण तिथे चषकाला बाजार आहे, आणि तो बघणाऱ्यांनी बनवलाय, खेळणाऱ्यांच्या प्रवेश फीने नाही.

ठाणे-डोंबिवलीत बघणारे नाहीत? हे मला पटत नाही. गडकरी रंगायतन, अत्रे रंगमंदिर, फुले कलामंदिर इथे तिकीट काढून रांग लावणारी माणसं आपलीच. फुटबॉलच्या सामन्याला मात्र आपण कधी वीस रुपयांचं तिकीटसुद्धा लावून बघितलेलं नाही. अडचण मैदानाची आहे, हे मान्य. दादोजी कोंडदेव स्टेडियमची ओळख क्रिकेटची. डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडासंकुलात खेळाइतकीच सभा-प्रदर्शनांचीही गर्दी. आणि टर्फवर जाळीबाहेर पन्नास माणसं उभी राहिली की पार्किंगवरून वाद सुरू. बसायला जागाच नाही तिथे तिकीट कशाचं?

म्हणून माझं मत असं की प्रवेश फीतूनच बक्षीस काढणाऱ्या स्पर्धा वर्षातून एखादीच खेळा, हौस म्हणून, आणि तो खर्च हौसेच्या खात्यातच लिहा. हौसेला मोल नाही हे खरं, पण टीमच्या पैशांना आहे. उरलेले पैसे लीगच्या नोंदणीला, बुटांना, विम्याला ठेवा. लीगमध्ये निदान ठरलेले सामने मिळतात. बाद स्पर्धेत नव्वद मिनिटांत, कधी तर वीस मिनिटांतच, वर्षाची तयारी गुंडाळून घरी. कप खेळलं की मोठ्या क्लबचे लोक बघतात, संधी मिळते, असंही म्हणतात. मिळतेही कुणाला. पण ती त्या मुलाला मिळते, क्लबच्या डब्यात त्याने काही पडत नाही.

दुसरं, तीन-चार क्लब मिळून स्वतःच एक छोटी स्पर्धा का भरवू नये? शाळेचं मैदान, रविवारची संध्याकाळ, पालकांना आणि सोसायटीतल्यांना तिकीट, भजी-चहाचा स्टॉल आपला. जमेल ते सगळ्यांत सारखं वाटायचं, मग जिंको कोणीही. पहिल्या वर्षी तोटा होईल, बहुतेक. पण तो निदान आपल्या मैदानावर झालेला असेल आणि पुढच्या वर्षी येणारी शंभर माणसं आपल्याला ओळखत असतील.

आणि ते पोस्टर पुन्हा आलं की अंगठा टाकण्याआधी त्यावरच्या नंबरला एक फोन लावा. पहिल्या बक्षिसाचं विचारू नका, ते छापलेलंच आहे. ‘दादा, पहिल्या फेरीत हरणाऱ्या टीमला येण्या-जाण्याचे काही मिळणार का? आणि खेळताना कुणाला लागलं तर खर्च कोणाचा?’ एवढंच विचारा. काय उत्तर येतं ते ग्रुपवर टाका, आणि मग ठरवा.