कझाकिस्तान : टूरवाल्याशिवाय १४ दिवस

रत्नागिरी तालुक्यातील एका वाचक भगिनीने विचारले आहे, "मुलगी कझाकिस्तानात डॉक्टरी शिकते. आम्हा दोघांना तिला भेटायला जायचे आहे. टूरवाला सांगतो तो आकडा ऐकूनच धडकी भरते. आमचे आम्हाला जाता येईल काय?"

ताई, जरूर जाता येईल. आपल्या घरांतली माणसे परदेशी गेली नाहीत असे थोडेच आहे? कोणी बोटीवर गेले, कोणी आखातात गेले. पण गेले ते कामाला, पासपोर्ट एजंटाच्या हाती देऊन. आणि सहल म्हणाल तर दीक्षाभूमी नाहीतर बोधगया, तीही साऱ्या वाडीने मिळून गाडी ठरवून. नवराबायकोने आपले तिकीट आपण काढून परक्या मुलुखात हिंडावे, हे आपल्याकडे अजून नवे आहे. टूरवाल्याचे फावते ते यामुळेच.

आधी व्हिसाचे सांगतो. जुलै २०२२ पासून भारतीय पासपोर्टवर कझाकिस्तानात एका वेळी १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येते. १८० दिवसांत मिळून ४२ दिवसांपेक्षा जास्त नाही. तेव्हा दोन आठवड्यांच्या फेरीसाठी कोणी व्हिसाचे पैसे मागितले, तर ते कशाचे हे त्याला विचारावे. मात्र ही सवलत पाहुण्यांसाठी आहे, नोकरीसाठी नाही. "तिकडे पोचा, कामाचा परवाना मागाहून करून देतो" असे सांगणाऱ्याच्या नादी आपल्या मुलांनी लागू नये. असे अडकलेले पोर परत आणताना घरातले दागिने जातात. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक असावी. परतीचे तिकीट आणि मुलीचा पत्ता कागदावर लिहून जवळ ठेवावा. मोबाईलची बॅटरी ऐन वेळी संपते.

दिल्लीहून अलमाटीला थेट विमान असले, तर सुमारे चार तासांत पोचवते. मुंबईहून रत्नागिरीला रेल्वेने याहून जास्त वेळ लागतो! पण एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केले, तेव्हा हे मार्गही विस्कळीत झाले. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी चौकशी करावी.

खरी गफलत होते ती देशाच्या आकाराची. कझाकिस्तानचे क्षेत्रफळ सुमारे २७ लाख २५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ नऊ महाराष्ट्र. आणि माणसे अवघी दोन कोटींच्या आसपास. मुलगी अलमाटीत असेल तर ठीक. ती सेमेईला किंवा कारागांडाला असेल, तर अलमाटीला उतरल्यावर पुढे हजार किलोमीटरचा पल्ला आहे. सगळा देश पाहण्याचा हट्ट धरू नये. एक शहर आणि त्याच्या आसपासचा टापू, एवढे पुष्कळ झाले.

हा पल्ला रेल्वेने करावा असे आमचे मत. 'प्लाट्सकार्त' नावाचा उघडा डबा असतो. त्यात ५४ बर्थ, बाजूचे बर्थही आपल्या स्लीपरसारखेच. चार बर्थची बंद खोली हवी असेल तर 'कुपे' मागावे. गादी-चादर मिळते, डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचे भांडे असते, आणि प्रत्येक डब्याला एक परिचर. चहापूड, साखर नि भाकरी-चटणी बांधून घेतली की झाले. बाहेर दिवसभर झाड नाही, डोंगर नाही, नुसते गवत. कोकणातल्या डोळ्यांना पहिल्यांदा ते उदास वाटेल. तिकिटाला पासपोर्ट लागतो. घड्याळ मात्र फारसे फिरवावे लागत नाही. १ मार्च २०२४ पासून साऱ्या देशात एकच वेळ आहे, आपल्यापेक्षा अर्धा तास मागे.

भाषेचे भय बाळगू नये. कझाक लोक चहाला 'शाय' म्हणतात, दुकानाला 'दुकेन', साबणाला 'साबिन', मित्राला 'दोस'. बाजार तर बाजारच! पाट्या रशियन वळणाच्या लिपीत असतात. ती अक्षरे आठ-पंधरा दिवस गिरवली तर वाचता येतात. टॅक्सीसाठी 'यांडेक्स' मोबाईलवर घ्यावे. त्यात भाडे आधीच दिसते, घासाघीस नको. चहात ते आपल्यासारखेच दूध घालतात. घोड्याचे मांस नको असेल तर 'पलाव' मागावा : भात, गाजर आणि मटण. मासळीची आठवण मात्र येईल. थंडीत जाऊ नये. अस्तानात पारा उणे ३० च्याही खाली जातो. मे-जून किंवा सप्टेंबर बरा.

आणि एक दिवस राखून ठेवावा. अलमाटीहून बसने सुमारे ७० कि.मी.वर कोनायेव हे गाव आहे. २०२२ पर्यंत त्याचे नाव कापशागाय होते. तेथून इली नदीच्या काठाने पुढे गेले की 'तमगाली-तास' नावाचा खडक लागतो. त्यावर तथागत आणि अवलोकितेश्वर कोरलेले आहेत, शेजारी तिबेटी अक्षरे. हे काम सतराव्या-अठराव्या शतकातल्या ओइरात लोकांचे मानले जाते. त्यांचे राज्य १७५० च्या दशकात चीनच्या सम्राटाने मोडले. दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजीची २९ लेणी ज्यांनी पाहिली, त्यांना नदीकाठचा कोरलेला दगड काही नवा नाही. तेथेही वज्रयानातल्या अक्षोभ्याची मूर्ती आहे.

तेथे जाताना टॅक्सीवाल्याला नाव नीट सांगावे : 'तमगाली-तास, इली'. नुसते 'तमगाली' म्हटले तर तो भलतीकडेच नेईल, कारण त्या नावाचे दुसरे जुने चित्रखडक अलमाटीच्या वायव्येला आहेत. थांबण्याचे पैसे आधी ठरवून त्याला तेथेच थांबवून ठेवावे. परत यायला रस्त्यात दुसरे वाहन मिळेल याचा भरवसा धरू नये. पाणी बरोबर न्यावे, टोपी घालावी.