टाळ्या पुनरागमनाला, हिशोब कोण मागणार?

पडलेला खेळाडू उठून उभा राहिला की टाळ्या वाजतात. वाजल्याच पाहिजेत. परंतु तो पडला कशाने आणि त्याला उठवले कोणी, हे दोन प्रश्न त्या गजरात विचारायचेच राहून जातात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय शरीरसौष्ठवपटू फ्लेक्स व्हीलर यांच्या निमित्ताने आम्ही ते विचारणार आहोत.

व्हीलर यांचा जन्म १९६५ चा, कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोचा. १९९३ साली व्यावसायिक मंचावर पाऊल ठेवताच त्यांनी आयर्नमॅन आणि अर्नोल्ड क्लासिक या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. मिस्टर ऑलिंपियात ते दुसरे आले. पुढच्याच वर्षी मोटार अपघातात मानेचे मणके मोडले. हा माणूस संपला, असे लोक म्हणू लागले. १९९५ ला त्यांनी आयर्नमॅन पुन्हा जिंकली. १९९९ मध्ये मूत्रपिंडाचा गंभीर आजार निघाला. तरी २००० साली अर्नोल्ड क्लासिक चौथ्यांदा त्यांचीच. २००३ मध्ये मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले. २०१७ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, ते ऑलिंपियाच्या क्लासिक फिजिक गटात पुन्हा मंचावर आले. २०१९ मध्ये उजवा पाय कापावा लागला. कृत्रिम पाय लावून ते पुन्हा चालायला शिकले. मिस्टर ऑलिंपिया हा किताब मात्र त्यांना कधीच मिळाला नाही.

ही जिद्द आम्ही मानतो. पण "इच्छाशक्ती असेल तर सर्व शक्य" असा जो निष्कर्ष यातून काढला जातो, तो आम्हाला मान्य नाही. इच्छाशक्तीने मूत्रपिंड उगवत नाही. ते दुसऱ्या माणसाने दिले, शल्यचिकित्सकाने बसवले. ज्याला दाता नाही, उपचाराला पैसा नाही, त्याची इच्छाशक्ती काय कमी असते? उठलेल्याचा गौरव करताना न उठू शकलेल्याला आळशी ठरवणे हा अन्याय आहे.

दुसरा प्रश्न अधिक कडू आहे. आपण स्टिरॉइड घेतले, हे व्हीलर यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. त्यामुळेच मूत्रपिंड गेले, असे आम्ही म्हणणार नाही. पुराव्याशिवाय निकाल देणे वकिलाला शोभत नाही. परंतु या औषधांचा भार हृदय, यकृत आणि मूत्रपिंडावर पडतो, हे वैद्यकशास्त्र सांगते. आणि हा भार कोणाच्या अंगावर? स्पर्धा भरवणाऱ्याच्या नाही, पावडरचे डबे विकणाऱ्याच्या नाही. व्यावसायिक शरीरसौष्ठवपटूला ठरलेला पगार नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, निवृत्तिवेतन नाही. बक्षीस आणि जाहिरात एवढीच कमाई. नफा त्यांचा, शरीर याचे!

वाचकहो, हे फक्त अमेरिकेचे दुखणे नाही. आपल्या वस्त्यावस्त्यांत जिम निघाल्या आहेत. दिवसभर राबून रात्री वजने उचलणारी पोरं आम्ही पाहतो. व्यसनापासून दूर राहून शरीर कमावणारा तरुण ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण तीन महिन्यांत "कट" दाखवण्याच्या घाईत त्याच्या हाती कोण सुई देतो? नँड्रोलोनसारखी औषधे १९४५ च्या औषध नियमांच्या अनुसूची एच मध्ये आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. जिममधला प्रशिक्षक डॉक्टर नव्हे. तो इंजेक्शन विकत असेल तर ते मार्गदर्शन नसून कायद्याचा भंग आहे. अशा वेळी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या आणि जपून ठेवा.

जयंतीच्या, उत्सवाच्या निमित्ताने "श्री" स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनाही आमचे सांगणे आहे. ढाल आणि रोख बक्षिसाआधी स्पर्धकांची रक्त-लघवी तपासणी व रक्तदाब तपासणी ठेवा. मंडपाच्या खर्चापुढे तो खर्च काहीच नाही. पालकांनीही मुलाचे दंड मोजण्याआधी तो काय टोचून घेतो, हे विचारावे.

व्हीलर यांच्याकडून जिद्द जरूर घ्यावी. पण त्यांनी मोजलेली किंमत आमच्या पोरांनी पुन्हा मोजावी, याची काही गरज नाही. पुनरागमनाची वेळच येऊ न देणे, हे काम आज आपल्या हातात आहे.