बोलणारा फोन कुणाच्या हातात?



निघोजेतल्या एका बचत गटाच्या बैठकीत दृष्टी गेलेल्या एक मावशी म्हणाल्या, "बँकेचा मेसेज मुलगा वाचून दाखवतो. तो वाचेल तेवढेच माझे पैसे."

त्यांच्या घरातल्याच स्मार्टफोनवर आम्ही 'टॉकबॅक' ही सोय सुरू करून दिली. पडद्यावर बोट ठेवले की फोन तिथला मजकूर वाचून दाखवतो, मराठीसुद्धा. वेगळा खर्च नाही. रिझर्व्ह बँकेचे २०२० साली आलेले 'मनी' ॲप नोट कितीची आहे ते सांगते. आयआयटी दिल्लीत तयार झालेली 'स्मार्टकेन' २०१४ मध्ये आली. आपल्या एमआयडीसीच्या रस्त्याकडेला कंटेनर उभे असतात. त्यांची मागची बाजू छातीशी येते, पांढरी काठी मात्र खालून निघून जाते. स्मार्टकेन ध्वनिलहरींनी असा अडथळा ओळखते आणि मुठीत थरथरते.

मग अडते कुठे? यंत्रापाशी नाही, घरापाशी. 'तिला कशाला हवा फोन?' हे डोळस सुनेलाही ऐकावे लागते, अंध सुनेला तर जन्मभर. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे ५० लाख दृष्टिबाधितांपैकी जवळपास २४ लाख स्त्रिया आहेत. केंद्राच्या 'अडिप' योजनेतून साधने मिळतात. शिबिरात हार होतात, फोटो निघतात. पण वापर शिकवायला पुढे कुणी आले नाही, तर फोन भावाच्या खिशात जातो आणि काठी माळ्यावर.

आपले आर्थिक व्यवहार आपल्या ताब्यात ठेवण्याचा हक्क २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिला आहे. म्हणून साधन ही दया नव्हे. पण हक्क कागदावरून हातात यायचा, तर फोन तिचा हवा आणि पासवर्डही तिचाच.

हे काम आपल्या गटांचे आहे. गावात अशी बाई कोण आहे ते शोधा, तिच्यासोबत चार दुपारी बसा. शक्यतो शिकवायला अंध मैत्रीणच बोलवा. आणि आपणही चुकतो. बैठकीच्या पत्रकाचा नुसता फोटो ग्रुपवर टाकतो. फोटोतली अक्षरे फोनला नीट वाचता येतीलच असे नाही. पुढच्या वेळी मजकूर टाइप करू या.

मावशींनी पहिला मेसेज कानाला इयरफोन लावून, आमच्याकडे पाठ करून ऐकला. काय होता ते त्यांनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.