घरात कोंडायचे, आणि घरात राहते म्हणून मजुरी नाकारायची!

परदेशी कामगारांच्या व्हिसावर बंधने घालताना सरकारे एकच कारण पुढे करतात : स्थानिकांचा रोजगार वाचवायचा आहे. कारण रास्त वाटते. बेकारीने पिचलेल्याला ते पटतेही. पण ही बंधने कुणावर पडतात आणि त्यातून कुणाचे पैसे वाचतात, हा हिशेब एकदा मांडायला हवा. हाँगकाँगमधल्या घरकामगार स्त्रियांपासून सुरुवात करू.

तिथे साडेतीन लाखांहून अधिक परदेशी घरकामगार आहेत. जवळजवळ सगळ्या स्त्रिया, आणि बहुतेक फिलिपिन्स व इंडोनेशियातून आलेल्या. दुसऱ्यांच्या मुलांना न्हाऊमाखू घालणाऱ्या, आणि स्वतःची मुले गावी ठेवून आलेल्या. १९८७ पासून त्यांच्यावर अट आहे, की करार संपुष्टात आला तर दोन आठवड्यांत हाँगकाँग सोडायचे. २००३ पासून दुसरी : मालकाच्या घरीच राहायचे.

म्हणजे मार खाल्ला, पगार बुडाला, तरी काम सोडताना बाईला चौदा दिवस मोजावे लागतात. तक्रार केली तर मुक्काम वाढवून मिळू शकतो, पण त्या काळात सहसा कमावता येत नाही. डोक्यावर एजंटाचे कर्ज असलेली बाई मग काय करणार? गप्प बसणार.

घरातच राहायची सक्ती कशासाठी? सरकार म्हणते, मुक्कामी कामाला स्थानिक बायका मिळत नाहीत म्हणून या आणल्या. त्या बाहेर राहू लागल्या तर स्थानिक बायकांच्या वरकामावर गदा येईल. पण ठरलेल्या मालकाशिवाय दुसरीकडे काम करायला व्हिसाची आधीच मनाई आहे. मग ती रात्री कुठे झोपते, याने कुणाचा रोजगार जातो?

खरे कारण पुढे उघडे पडते. २०११ मध्ये हाँगकाँगमध्ये किमान वेतनाचा कायदा लागू झाला. मालकाच्या घरी राहणाऱ्या घरकामगारांना त्यातून वगळले. का? तर त्या घरातच राहतात, त्यांचे कामाचे तास मोजता येत नाहीत, शिवाय राहणे-जेवणे फुकट! आधी कायद्याने घरात कोंडायचे, आणि मग घरात राहते म्हणून मजुरी नाकारायची.

आकडेच पाहा. २०२५ मध्ये किमान वेतन तासाला ४२.१ हाँगकाँग डॉलर झाले. त्याच वर्षी या बायकांसाठी ठरलेला किमान पगार महिन्याला ५,१००. आठवड्याची सुटी धरून २६ दिवस, रोज बारा तास काम धरले, तर तासाला पडतात जेमतेम १६. सरकारनेच ठरवलेला १,२३६ डॉलरचा जेवणभत्ता त्यात मिळवा, तरी निम्मेसुद्धा होत नाहीत. हा फरक कुणाच्या खिशात राहतो, ते सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

२००३ ची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. स्थानिक कामगारांच्या प्रशिक्षणासाठी म्हणून मालकांवर दरमहा ४०० डॉलरची आकारणी बसवली. त्याच वर्षी या बायकांचा किमान पगार ३,६७० वरून ३,२७० वर आणला. कपात बरोबर ४००! कागदोपत्री मालकाने भरले, प्रत्यक्षात कुणाच्या पगारातून गेले?

सात वर्षे सलग राहिलेल्या इतर परदेशी माणसांना तिथे कायम रहिवासाचा हक्क मागता येतो. घरकामगारांना नाही. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरले : त्यांचे राहणे बंधनांखालचे, म्हणून ते नेहमीचे राहणे नव्हे. बंधने घालणारे तुम्ही, आणि त्याच बंधनांचा पुरावा तिच्याविरुद्ध देणारेही तुम्हीच.

कुणी म्हणेल, त्या स्वखुशीने जातात. जातात. पण गरजेने दिलेला होकार म्हणजे हक्कांवर सोडलेले पाणी नव्हे. कुणी म्हणेल, त्यांच्यामुळे तिथल्या बायका नोकरीला जाऊ शकतात. खरे आहे. पण घरकामाचा वाटा ना नवऱ्याने उचलला, ना सरकारने. एका बाईचे ओझे दुसरीच्या डोक्यावर गेले, इतकेच. याला मुक्ती म्हणायचे का?

मैत्रिणींनो, हाँगकाँगला बोल लावून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्याकडच्या फ्लॅटमध्येही चोवीस तासांची बाई असते. ‘ती आमच्या घरचीच’ म्हणत तिचे तास कुणी मोजत नाही. घरकामगारांना सन्मानाचे काम देणाऱ्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बाजूने भारताने मत दिले, पण त्याला मान्यता मात्र दिलेली नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने घराला कामाची जागा मानले. मग तासांच्या आणि मजुरीच्या हिशेबालाच घर हे घर कसे?

मागणी साधी आहे. कुठल्याही देशात, कुठल्याही व्हिसावर, घरकाम हे काम आहे. त्याचे तास मोजा, दाम द्या, आणि ते सोडून जाण्याचा दरवाजा उघडा ठेवा. स्थानिक बाईचा रोजगार वाचवायचा, तर परदेशी बाईची मजुरी तिच्याइतकीच करा. स्वस्तात राबवायला बाई मिळेनाशी झाली, की कुणाला कोंडून ठेवण्यात कुणाचाच फायदा उरणार नाही.