मेहनताना कोणाचा, लेखणी कोणासाठी?

क्रीडापत्रकाराने अथवा वृत्तपत्रात स्तंभ लिहिणाऱ्या माजी खेळाडूने समालोचनाचे किंवा दूरचित्रवाणीवरील चर्चेचे बाहेरचे काम पत्करले तर त्यात वावगे ते काय, असा प्रश्न हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने विचारला जातो. आणि तो विचारणाऱ्यांचा पक्ष अगदीच लेचापेचा आहे असे मी म्हणणार नाही. ते म्हणतात की, वृत्तपत्राच्या तुटपुंज्या वेतनावर जाणकार माणूस टिकत नाही, खेळाचे मर्म ज्याला कळते त्याचाच शब्द लोकांना ऐकायचा असतो, आणि ज्याची सचोटी वादातीत आहे त्याला एका करारनाम्याने विकत घेता येत नाही. दाखला म्हणून ते वि. वि. करमरकरांचे नाव घेतात. ‘महाराष्ट्र टाइम्स’चे क्रीडा-संपादक या नात्याने मराठी वृत्तपत्रात खेळाला मानाचे पान मिळवून देणारे करमरकर आकाशवाणीवरून मराठीत समालोचनही करीत, आणि त्यापायी त्यांच्या लेखणीची धार बोथटली असे कोणा वाचकाला वाटल्याचे स्मरत नाही.

हा दाखला खरा आहे. परंतु ज्या पक्षासाठी तो पुढे केला जातो त्याच्या विरुद्धच तो साक्ष देतो. करमरकरांच्या लेखनाचा विषय संघनिवड, मैदाने, क्रीडासंघटनांचा कारभार हा होता, आकाशवाणी नव्हे; आणि समालोचनाची बिदागी येई ती आकाशवाणीकडून. तेव्हा बाहेरचे काम करावे की करू नये हा वादाचा मुद्दाच नाही. ज्याच्या कारभाराची चिकित्सा करावयाची त्याच्याच खजिन्यातून मेहनताना घ्यावा काय, एवढाच मुद्दा आहे, आणि त्याचे उत्तर, माझ्या मते, निरपवाद नकार हेच आहे.

आपल्या क्रिकेटमधील प्रसिद्ध प्रकरण या दृष्टीने पाहावे. सुनील गावसकर आणि रवी शास्त्री हे मुंबईने देशाला दिलेले दोन थोर खेळाडू. त्यांच्या क्रीडाज्ञानाविषयी शंका घेण्याची माझी प्राज्ञा नाही. 2008 साली आयपीएलची नियामक परिषद स्थापन झाली तेव्हा हे दोघेही तिचे सदस्य होते. दोघेही सामन्यांचे समालोचन करीत होते, आणि गावसकरांचे स्तंभलेखन तर वृत्तपत्रांतून अनेक वर्षे चालत आलेले होते. या दोघांशी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने (बीसीसीआय) स्वतःच समालोचनाचा करार केला असून त्यापोटी प्रत्येकास वर्षाला सुमारे 3 कोटी 60 लाख रुपये मिळतात, हे वृत्त 2011 साली प्रसिद्ध झाले तेव्हा कोठे श्रोत्यांना आणि वाचकांना कळले की, ज्यास आपण स्वतंत्र अभिप्राय समजत होतो त्याच्या मागे मंडळाचा दस्त आहे. पंचांच्या निर्णयांचा फेरविचार करणाऱ्या डीआरएस पद्धतीला मंडळाचा कडवा विरोध होता, तोच हा काळ. त्या पद्धतीच्या विरोधात या दोघांनी जे मत मांडले ते त्यांचे प्रामाणिक मत असेलही. पण तसे ते आहे याची रुजुवात करण्याचे साधन श्रोत्याच्या हाती उरले नव्हते, आणि खरी हानी झाली ती येथे.

पुढे 28 मार्च 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या आयपीएलपुरती मंडळाच्या हंगामी अध्यक्षपदाची जबाबदारी गावसकरांवर सोपविली, तेव्हा समालोचनाचा करार संपुष्टात आणावा व त्याची भरपाई मंडळाने द्यावी, असेही सांगितले. न्यायालयाने यात गावसकरांच्या सचोटीवर शिंतोडा उडविला काय? मुळीच नाही, त्यांची सचोटी मानली म्हणूनच त्यांना त्या आसनावर बसविले, आणि तरीही दोन हुद्दे एकत्र नांदू शकत नाहीत असे ठरविले. ‘माणूस प्रामाणिक आहे, मग शंका कशाला?’ या युक्तिवादाला याहून समर्पक उत्तर मला सापडत नाही. 2017 च्या जूनमध्ये इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी, मंडळाचा कारभार पाहण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीचा राजीनामा देताना, खेळाडूंचे व्यवहार पाहणाऱ्या व्यवसायसंस्थेचा प्रमुख आणि मंडळाचा करारबद्ध समालोचक या दोन भूमिका एकाच व्यक्तीकडे असण्यावर गावसकरांचे नाव घेऊन बोट ठेवले, तेही याच तत्त्वाने.

शिवाय अशा करारात मत विकत घेतले जाते असे समजणेच चुकीचे आहे; विकत घेतले जाते ते मौन. 2013 साली ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला असता, डीआरएस, संघनिवड आणि मंडळाचा कारभार या विषयांवर बोलता येणार नाही अशी अट कळताच इयान चॅपेल यांनी समालोचनाचे काम नाकारले. त्यांनी नकार दिला म्हणून ती अट जगाला कळली. ज्यांनी माईक हाती घेतला त्यांनी काय बोलण्याचे टाळले, हे श्रोता कसे जाणणार? खोटे विधान पकडता येते, न उच्चारलेले वाक्य कोणालाही पकडता येत नाही. हितसंबंध आधी जाहीर केला की दोष फिटला, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. जाहीर करणे आवश्यक आहे, त्याविना सारेच व्यर्थ. पण हात बांधलेले आहेत एवढे सांगितल्याने ते सुटत नाहीत.

राहिला पैशाचा प्रश्न. असा मेहनताना बंद केला तर जाणकार टिकणार नाहीत, या भीतीला अमेरिकेतील एक उदाहरण पुरे आहे. तेथे बेसबॉलच्या सामन्यांचे अधिकृत गुणलेखक म्हणून अनेक दशके वृत्तपत्रांचे बातमीदारच काम करीत आणि त्याचा मेहनताना लीगकडून घेत. एखादा फटका खेळाडूच्या खाती जमा करावा की क्षेत्ररक्षकाची चूक मानावी, हे तेच ठरवीत आणि त्याच सामन्याचा वृत्तांतही तेच लिहीत. पुढे एकेका वृत्तपत्राने आपल्या माणसांना मनाई केली, आणि 1980 च्या सुमारास लीगला स्वतंत्र गुणलेखक नेमावे लागले. त्यामुळे बेसबॉल बंद पडला नाही, बेसबॉलवरील लेखनही ओसरले नाही.

आपल्याकडे मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीच्या शिफारशींनंतर मंडळाच्या घटनेत हितसंबंधांचा नियम 38 आला. एका व्यक्तीने एकाच वेळी एकच पद धारण करावे अशा पदांच्या यादीत त्याने समालोचकालाही घातले. पण तो नियम मंडळाचे घर आवरण्यासाठी आहे. वृत्तपत्राच्या घराची जबाबदारी संपादकाची आहे, आणि ती त्याने कोणा न्यायालयाची वाट न पाहता उचलली पाहिजे. लेखकाने प्रक्षेपण-वाहिनीवर बोलावे, पुस्तके लिहावीत, व्याख्याने द्यावीत, या सर्वांस मुभा असावी. मात्र क्रीडासंघटना, संघमालक आणि खेळाडूंचे मुखत्यार यांच्याकडून मेहनताना घेणाऱ्यास त्यांच्याविषयी लिहिण्याचे काम देऊ नये, आणि अन्य प्रत्येक करार लेखाच्या खाली, त्याच पानावर, नावानिशी छापावा. संपादकांनी हे आपण होऊन केले नाही, तर वाचकांनी पत्रे लिहून त्यांच्याकडे तशी मागणी करावी.