धर्म न वाचताच धर्मनिरपेक्ष?

१९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या उद्देशिकेत ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे दोन शब्द एकाच वेळी आले. त्या वेळी समाजवादी चळवळीतील अनेक ज्येष्ठ साथी आणीबाणीच्या तुरुंगात होते, हा इतिहासाचा एक विरोधाभासच म्हटला पाहिजे. ते शब्द उद्देशिकेतून वगळावेत ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या नोव्हेंबरात फेटाळली. शब्द टिकले, पण आमच्या मनात त्यांचा अर्थ कितपत टिकला आहे, हा प्रश्न न्यायालयाने सोडवावयाचा नाही. पहिल्या शब्दाविषयी विचारले तर आपला कार्यकर्ता तासभर बोलू शकतो. दुसऱ्याविषयी विचारले, की “सगळे धर्म शेवटी एकच सांगतात” असे एक वाक्य उच्चारून तो पुढच्या विषयाकडे वळतो.

हे वाक्य सद्‌हेतूने उच्चारले जाते, परंतु ते खरे नाही. आणि जे खरे नाही त्याच्या आधारावर जमातवादाशी लढता येत नाही. जमातवादी प्रचारक वस्तीत शिरतो तेव्हा तो परधर्माविषयी काही ‘माहिती’ घेऊन येतो. ती विकृत असेल, अर्धवट असेल. पण ती ठाम असते. तिला उत्तर देण्यास आमच्यापाशी केवळ एक सुभाषित असेल, तर ऐकणारा माहितीवर विश्वास ठेवील. भिवंडीत १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली, मुंबईत १९९२-९३ साली जे घडले, त्याची बीजे दंगलीच्या दिवशी पेरली गेली नव्हती. एकाच यंत्रमागावर पाळीपाळीने राबणारे दोन कामगार एकमेकांच्या घरात कशाची प्रार्थना होते हे जाणत नव्हते, त्या अज्ञानाच्या जमिनीत ती आधीच रुजली होती.

धर्म एकच सांगत नाहीत, ते निरनिराळ्या प्रश्नांना निरनिराळी उत्तरे देतात. ज्यू धर्माचा गाभा करार हा आहे: मिसरमधील गुलामगिरीतून सोडविणाऱ्या एकमेव ईश्वराशी एका जनसमूहाने केलेला करार आणि त्यातून आलेला नियम. सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी विश्रांती, हा त्यातलाच एक. ती विश्रांती धन्यापुरती नाही. दास, दासी, परका आणि गुरेढोरे यांनाही ती आहे. कोकणातील बेने इस्रायल मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीची मागणी केली आणि १८९० साली ती पदरात पाडून घेतली. श्रम करणाऱ्यास विसाव्याचा हक्क आहे, हे तत्त्व कामगार चळवळीच्या कित्येक शतके आधी एका धर्मग्रंथाने सांगितले होते, हे आमच्या कार्यकर्त्याला ठाऊक असावयास नको काय?

ख्रिस्ती धर्म नियमाच्या जागी कृपेला आणतो. मनुष्य स्वतःच्या बळाने पापातून सुटत नाही; येशूच्या रूपाने ईश्वर स्वतः मनुष्य झाला, क्रुसावर मेला आणि पुन्हा उठला, ही त्याची मूळ श्रद्धा. इस्लाम नेमके हेच नाकारतो. येशू त्याला पैगंबर म्हणून वंदनीय आहे. परंतु ईश्वराला पुत्र नाही, भागीदार नाही. प्रत्येक जण आपल्या कृत्याचा हिशेब स्वतः देईल आणि मुहंमद हे अखेरचे पैगंबर होत. एकेश्वराची ग्वाही, नमाज, जकात, रोजे आणि हज ही मुसलमानाची पाच कर्तव्ये. त्यातील जकात ही मर्जीवर सोडलेली भीक नव्हे. ठराविक मर्यादेपलीकडे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीच्या चाळिसाव्या भागावर गरिबांचा तो हक्कच मानला आहे. व्याजखोरीचा निषेध कुराणात स्पष्ट आहे.

भारतात जन्मलेल्या धर्मांचा प्रश्न वेगळा आहे. हिंदू परंपरेला एक संस्थापक नाही, एक ग्रंथ नाही. जगाचा निर्माता न मानणारे सांख्य आणि मीमांसकही तिच्यातच बसतात. बहुतेक पंथांना जोडणारा धागा कर्म, पुनर्जन्म आणि मोक्ष हा आहे. आणि जन्माने आलेले दैन्य हे पूर्वकर्माचे फळ ठरवून जातिव्यवस्थेला नैतिक आधार देण्यासाठी याच धाग्याचा वापर झाला. जैन दर्शन निर्माता ईश्वर नाकारते, प्रत्येक जीव स्वतंत्र मानते आणि कोणतेही विधान एका बाजूपुरतेच खरे असते असे अनेकान्तवादाने बजावते. बुद्धाने तर नित्य आत्माही नाकारला. दुःखाचे मूळ तृष्णेत दाखविले आणि तिच्या निरोधाचा अष्टांगिक मार्ग सांगितला. शिखांचा ईश्वर निराकार आहे. पण त्याच्याकडे जाण्याची वाट नामस्मरणाइतकीच कष्टाच्या भाकरीतून आणि ती वाटून खाण्यातून जाते. आपल्या नामदेवांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहेबात आहेत. २०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनात दिल्लीच्या वेशीवर महिनोन्‌महिने जो लंगर चालला, त्याची परंपरा येथे आहे.

आमचे काही साथी यावर म्हणतील, की हे सारे ठीक, परंतु धर्म ही अफू आहे, तिचे गुणधर्म पाठ करून भाकरीचा प्रश्न सुटणार आहे काय? त्यांना आमची विनंती एवढीच, की मार्क्सचा तो परिच्छेद पूर्ण वाचावा. पीडितांचा निःश्वास धर्मात उमटतो, हेही त्याने त्याच ठिकाणी म्हटले आहे. ज्याला तो निःश्वास ऐकू येत नाही, त्याच्या हाती पीडितांची चळवळ राहत नाही. ती दुसऱ्या कोणाच्या हाती जाते. एल साल्वादोरमध्ये १९८० साली आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना प्रार्थनाविधी चालू असताना गोळी घालण्यात आली. ते सत्तेला असह्य झाले होते, ते गरिबांच्या बाजूने उभे राहिल्यामुळे. आणि ही बाजू त्यांनी धर्म सोडून नव्हे, धर्मातूनच घेतली होती.

धर्म जाणणे म्हणजे धर्मापुढे मान तुकविणे नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्या चर्चने बंधुत्व शिकविले, त्याच्याच आश्रयाने भारतात ख्रिस्ती झालेल्या दलितांना वेगळ्या जागी बसविले गेले. समतेची ग्वाही देणाऱ्या इस्लामच्या अनुयायांत येथे बिरादऱ्यांची उतरंड टिकून आहे. करुणेचा धर्म मानणाऱ्या म्यानमारमध्ये २०१७ साली लाखो रोहिंग्यांना देशोधडीला लावण्यात आले आणि काही भिक्षूंनी त्या द्वेषाला वाणी दिली. श्रद्धा काय सांगते आणि संस्था काय करते, यांतील अंतर मोजावयाचे, तर आधी श्रद्धा ठाऊक असावी लागते.

महाराष्ट्रातील ज्या टीकाकारांनी धर्मसत्तेला खरा हादरा दिला, ते सारे आधी अभ्यासक होते. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले. त्याच गुरुजींनी प्रेषित मुहंमदांचे चरित्र मराठीत लिहिले. हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लिम स्त्रियांसह मुंबईत मोर्चा काढला आणि १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. तोंडी तलाकविरुद्धची ती मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य करावयास २०१७ साल उजाडावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि दीक्षा घेतली ती १९५६ साली. मधली एकवीस वर्षे त्यांनी धर्म तपासले. बुद्धाचा धम्म स्वीकारतानाही वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, ही कथा त्यांनी मान्य केली नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे त्याच्या गृहत्यागाचे कारण त्यांनी मांडले. श्रद्धा आणि चिकित्सा एकत्र नांदू शकतात, याचा याहून मोठा दाखला कोणता?

तेव्हा आमची सूचना साधी आहे. तालुक्या-तालुक्यांतील अभ्यासवर्गांत अर्थकारणाच्या जोडीने जगातील प्रमुख धर्मांची ओळख हा विषय घ्यावा. तो शिकविण्यास केवळ आपला बौद्धिकप्रमुख नको. मशिदीतला, चर्चमधला, विहारातला आणि फडावरचा माणूस बोलवावा. त्याने आपली श्रद्धा त्याच्या शब्दांत सांगावी, आपण अवघड प्रश्न विचारावेत आणि नंतर सर्वांनी एका पंक्तीला जेवावे. विशेषतः स्त्रियांना बोलवावे. कारण धर्माचे नियम बहुधा पुरुषांनी सांगितले आणि त्यांचा भार स्त्रियांनी वाहिला.

महात्मा फुल्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एका कुटुंबाची कल्पना आहे: पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, कन्या इस्लामची अनुयायी, पुत्र सत्यधर्मी, आणि सारे एका घरात प्रेमाने नांदत आहेत. त्या घराचे कौतुक आम्ही व्यासपीठावरून पुष्कळ करतो. पण त्यातील एक गोष्ट नजरेआड होते. जोतीरावांच्या त्या घरातील प्रत्येकाने धर्म स्वीकारण्यापूर्वी त्याचा ग्रंथ वाचलेला आहे. पक्षकार्यकर्त्याने कोणताही धर्म स्वीकारावा वा न स्वीकारावा, तो त्याचा अधिकार. शेजाऱ्याचा धर्म न वाचण्याचा अधिकार मात्र त्याला नाही.